घरातील रेडॉन आणि फुफ्फुसाचा कर्करोग

बालरोगतज्ज्ञाने फुफ्फुसाच्या कर्करोगावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. निमित्त घडले ते पुतण्याच्या दूरध्वनीचे. त्याने पेनसिल्व्हेनियात घर घेतले असून तळघरात दोन वर्षांच्या मुलीसाठी खेळण्याची खोली करायची होती. "काका, तपासणीत रेडॉन ८ पिकोक्युरी आला आहे. बाळाला धोका आहे का?" मला तत्काळ उत्तर देता आले नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

रेडॉन हा जमिनीतील युरेनियमच्या ऱ्हासमालिकेत रेडियमपासून उत्पन्न होणारा रंगगंधहीन किरणोत्सारी वायू. उघड्यावर तो विरून जातो. फरशीच्या भेगांतून बंद घरात शिरला की साचतो. खरा अपाय त्याच्यापासून निर्माण होणाऱ्या पोलोनियमचा. ते श्वासनलिकांच्या अस्तरावर बसते आणि त्याचे अल्फा कण पेशींतील डीएनएची मोडतोड करतात. हेच कण त्वचेच्या मृत थरालाही भेदू शकत नाहीत!

त्याच राज्यात १९८४ मध्ये स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे लिमेरिक अणुवीज केंद्रातील किरणोत्सारमापक वारंवार धोक्याचा इशारा देई. केंद्रात वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती; किरणोत्सार ते घरूनच आणीत होते. घरातील पातळी सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रतिलिटर निघाली. अमेरिकेत ४ पिकोक्युरीला उपाययोजना सुचविली जाते.

युरोपातील १३ अभ्यासांच्या २००५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, दर घनमीटरला १०० बेकरेल वाढीमागे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. पुतण्याच्या घरात जवळपास ३०० बेकरेल होते. मात्र १६ टक्के कशाचे, हे पाहणे अगत्याचे. पंचाहत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता धूम्रपान न करणाऱ्यांत रेडॉन नसताना ०.४ टक्के, तर ४०० बेकरेलला ०.७ टक्के. धूम्रपान करणाऱ्यांत हेच आकडे १० आणि १६ टक्के.

पुतण्या सिगारेट ओढतो. म्हणून त्याला सांगितले, "बाळाला आज काही होणार नाही, पण मात्रा वर्षानुवर्षे साचत जाते, दुरुस्तीपर्यंत तिला तळघरात नेऊ नकोस. अधिक धोका तुला आहे."

आपले हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेले. दख्खनच्या काळ्या पाषाणापेक्षा त्यात युरेनियम सहसा अधिक असते. खेळती हवा हे आपल्या घरांचे संरक्षण. वातानुकूलनासाठी खिडक्या कायमच्या बंद करणाऱ्या, विशेषतः तळमजल्यावरील कुटुंबांनी याचा विचार करावा.

पुतण्याने फरशीखालून नळी घेऊन पंख्याने वायू छपरावर सोडण्याची व्यवस्था केली. फेरतपासणीत पातळी १ पिकोक्युरीवर आली. सिगारेट अद्याप सुटलेली नाही.