फाटक्या जाळ्याचा फेरा

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु मासेमारी आहे. पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या जलाशयांच्या काठी अनेक भोई कुटुंबांचा चरितार्थ पाण्यावरच चालतो.

पूर्वी जाळी सुताची असत. ती कुजत, म्हणून जपावी लागत. टाकली तरी मातीत मिसळत. पुढे नायलॉनचे तंगूस जाळे आले. ते स्वस्त, हलके आणि पाण्यात सहसा न दिसणारे. परंतु बुडालेल्या झाडांच्या खुंटांत अडकून ते फाटते. सांधण्यापेक्षा नवे घेणे परवडते आणि जुने तळाशी राहते. तेथे ते कुजत नाही. धन्याविना मासे, कासवे व पाणपक्षी यांना पकडतच राहते.

हा दोष केवळ कोळ्याचा मानणे चुकीचे ठरेल. येथे प्रणाली-विचार उपयोगी पडतो. परस्परावलंबी घटकांच्या समूहास प्रणाली म्हणतात. तीत परिणामच फिरून कारण बनतो. मासे कमी झाले की उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की स्वस्त, बारीक आसाचे जाळे घेतले जाते. ते लवकर फाटून पाण्यात राहते आणि मासे आणखी कमी होतात. केवळ दंड केल्याने हा फेरा तुटत नाही. उलट, जाळे लपवून टाकले जाते.

फेरा कोठे तोडता येतो, याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. संरक्षित जलचरास सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ मध्ये आणली. नुकसानीचा भार हलका झाला की वर्तन बदलते, हे सूत्र त्यामागे आहे.

जलाशयांवरही ते लावता येईल. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांनी जुने जाळे जमा करणाऱ्या सभासदास नव्या जाळ्यात सवलत द्यावी व प्रत्येक जाळ्यास खूणचिठ्ठी बांधावी. ग्रामपंचायतींनी उतरणीच्या जागी संकलनपेटी ठेवून जमा झालेले जाळे तालुक्याच्या प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राकडे पोहोचवावे. उन्हाळ्यात पाणी ओसरताच उघड्या पडलेल्या खुंटांवरील जाळी काढावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वरील फेऱ्याचे वर्तुळ फळ्यावर काढून घ्यावे आणि 'तो कोठे तोडाल?' असे विचारावे.

पूर्णा गोदावरीस मिळते. पैनगंगेचे पाणीही वर्धा व प्राणहिता या नद्यांतून अखेर गोदावरीतच जाते. सिद्धेश्वरच्या काठी टाकलेला तंगुसाचा तुकडा बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच समुद्र नसलेल्या जिल्ह्यावरही समुद्राची जबाबदारी आहे; आणि तिचा पहिला लाभ आपल्याच जलाशयातील माशांना व भोई बांधवांना मिळणार आहे.