बाण सुटल्यानंतरचे तास

चि. बाळास,

येत्या सप्टेंबरात धनुष्य घेऊन कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जायचं तू ठरवलं आहेस आणि वाटाड्या घेऊ की आपला आपण जाऊ, असं विचारतो आहेस. तुझ्या पत्रात पैशाचा हिशेब आहे, स्वबळाचा अभिमानही आहे. दोन्ही समजण्यासारखं आहे. पण एल्क कोण दाखवून देईल यावर हा निर्णय करू नकोस. बाण लागल्यानंतरचे बारा-पंधरा तास तुला एकट्याला निभावता येतील का, यावर कर. आज ते तुला निभावता येणार नाहीत, म्हणून पहिली खेप वाटाड्याबरोबरच कर, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंदुकीच्या गोळीसारखा बाण धक्क्याने जनावर पाडत नाही. त्याचं पातं रक्तवाहिन्या कापतं आणि जनावर रक्त जाऊन मरतं. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तरी एल्क शंभरेक मीटर सहज धावतो. मग जमिनीवर उरतं ते वाचता आलं पाहिजे. पानावर गुलाबी, फेसाळ थेंब दिसले तर बाण फुप्फुसात लागला आहे; अर्ध्या तासाने मागावर निघावं. रक्त काळपट, पातळ आणि त्यात चघळलेल्या गवताचे हिरवट कण असतील तर बाण पोटात गेला आहे. तेव्हा सहा-आठ तास जागचं हलायचं नाही, कारण चाहूल लागली की ते जखमी जनावर उठतं आणि कोसभर दूर जाऊन तुला कधीच सापडत नाही. त्याच वेळी दुपारचं ऊन चढत असतं, पाऊस आला तर माग धुऊन जातो, आणि उशीर झाला तर मांस जातं. थांबावं की निघावं, हे गुडघ्यावर बसून पानं उलटत ठरवायचं असतं. हे ज्ञान पुस्तकातून निम्मंच मिळतं.

आणि सापडलं, तर खरं ओझं तिथून पुढे. पुरा वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात असतो. हाडं काढली तरी नव्वद-शंभर किलो मांस निघतं. सप्टेंबरात कातडं लगेच सोलून फरे सावलीत, वाऱ्यावर टांगले नाहीत तर मागच्या फऱ्याच्या हाडालगतचं मांस आधी आंबतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत कायद्याने गुन्हा आहे, आणि माझ्या लेखी त्याहूनही वाईट. तू खेपेला पंचवीस किलो उचललंस, तर चार खेपा. मोटार 5 किलोमीटरवर असेल तर ती वाट सात वेळा तुडवायची, म्हणजे 35 किलोमीटर. तुझं डेन्व्हरच 1,609 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम 37 मीटर खाली. आणि एल्क असतात ते बऱ्याचदा तीन हजार मीटरच्या आसपास. तिथे रिकाम्या हाताने चढतानाही छाती भरून येते.

तू म्हणशील, कायदा तर वाटाड्या घ्यायला सांगत नाही. खरं आहे. कोलोरॅडोचा रहिवासी म्हणून पश्चिमेकडच्या बऱ्याच भागांसाठी तुला सोडतीशिवायही परवाना मिळतो. 2025 पासून बाहेरच्या राज्यातल्या धनुर्धाऱ्यांना ती सोय उरलेली नाही. अलास्कात मात्र परराज्यातल्या माणसाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि डोंगरी बोकड यांसाठी वाटाड्या किंवा तिथला जवळचा नातलग लागतोच. वायोमिंगच्या संरक्षित निर्जन प्रदेशात बाहेरच्याने एकट्याने मोठी शिकार करायची नाही, पण तिथल्या रहिवाशाला त्याच रानात मुभा आहे. म्हणून त्या नियमाला निव्वळ सुरक्षिततेचा नियम म्हणणं मला पटत नाही. तेव्हा परवानगी आहे की नाही यावरून आपली तयारी मोजू नये. फोनवरच्या नकाशाचंही तेच. सरकारी जमीन कुठे संपते हे तो चोख दाखवतो. पण ऊन चढल्यावर वारा उताराने वर वळतो आणि संध्याकाळी पुन्हा खाली येतो, तेव्हा तुझा वास कुठल्या घळीत शिरेल, हे तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दुसऱ्याने दाखवलेली शिकार आपली कशी? वाटाड्या नुसता बोट दाखवून बाण मारायला सांगत असेल, तर आक्षेप बरोबर आहे. शिवाय गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतू नये, या ओढीने तो लांबचा नेम घ्यायलाही सांगू शकतो. त्यावर उपाय आहे. करार करण्याआधीच कळव की मला शिकायचं आहे, माग मी काढणार, कापणी मी करणार, चुकलो तर तेवढं सांगा. आणि तीस मीटरपलीकडे मी बाण सोडणार नाही. रक्त निघालं पण जनावर मिळालं नाही तर शिकार संपली असं मानता का, हेही विचार. चांगले आउटफिटर, म्हणजे वाटाड्यासह शिकारीची सोय करून देणारे व्यावसायिक, तसं मानतात. हो म्हणणाऱ्याकडे जा.

खेचरांवरून तंबू आत पोचवून परत जाणारे लोक स्वस्त पडतात, पण तो मधला मार्ग तुझ्यासाठी नाही. तुला तंबूची अडचण नाही, आणि त्याने तू रस्त्यापासून आणखी लांब जाऊन पडशील. मित्राच्या ओळखीतल्या कुणाला पैसे देऊन नेणंही नको. नोंदणी नसलेल्याने मोबदला घेऊन शिकारीला नेणं कोलोरॅडोत बेकायदा आहे. वाटाड्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो, हे मी जाणतो. यंदा झेपत नसेल तर धनुष्य घरी ठेव आणि तुमच्या नेमबाजी मंडळातल्या कुणा जुन्या शिकाऱ्याबरोबर नुसता मांस वाहायला जा. माग काढताना त्याच्या मागे उभा राहा. पुढे एकटा जाशील तेव्हा रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहा, आणि मांस वाहून आणणाऱ्या खेचरवाल्याशी आधीच बोलून ठेव.

आउटफिटरने कराराचा मसुदा पाठवला की सही करण्याआधी मलाही पाठव. मांस रस्त्यापर्यंत कोण आणणार, हे त्यात लेखी आहे का, ते आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा