स्थिर, पण कशाच्या संदर्भात?

पश्चिम रेल्वेने भाईंदर सोडून वसईची खाडी ओलांडली की नायगाव येते. समजा, तुमची लोकल नायगावला उभी आहे आणि शेजारच्या रुळावरही एक गाडी उभी आहे. एवढ्यात शेजारच्या गाडीच्या खिडक्या अलगद मागे सरकू लागतात. सुटली कोणती गाडी, तुमची की ती? नुसत्या त्या खिडक्या पाहून सांगता येणार नाही. पण फलाटावरचा खांब पाहिला की लगेच निकाल लागतो.

खांबाने आपल्याला मोजमापासाठी आधार दिला. ज्या वस्तूच्या आधारे आपण इतर वस्तूंची स्थाने आणि वेग मोजतो, तिला जोडलेली ती संदर्भचौकट. चौकट बदलली की वेगही बदलतो. तुमची गाडी ताशी ६० किमी व शेजारची त्याच दिशेने ताशी ५० किमी वेगाने जात असेल, तर ती तुम्हाला ताशी १० किमी वेगाने मागे पडताना दिसेल. तीच समोरून आली, तर हा सापेक्ष वेग ताशी ११० किमी होईल.

मग फलाट तरी स्थिर आहे का? पृथ्वीच्या परिवलनामुळे नायगाव ताशी सुमारे १५७५ किमी वेगाने पूर्वेकडे जात असते! नावेतील माणसाला काठावरच्या वस्तू उलट दिशेने जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त सांगितले होते.

चौकट विसरणे कधी जिवावरही बेतते. दारात उभा असलेला प्रवासी डब्याच्या संदर्भात स्थिर असतो. पण गाडीचा वेग ताशी १८ किमी असेल, तर फलाटाच्या संदर्भात तो सेकंदाला ५ मीटर वेगाने पुढे जात असतो. अशा वेळी तो उतरला, तर पाय फलाटाला टेकून अडतात, धड मात्र जडत्वामुळे पुढेच जाते आणि तो गाडीच्या दिशेने तोंडघशी पडतो. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये.

आता एक प्रश्न. गाडी खाडीपुलावरून सरळ, एकसारख्या वेगाने जात आहे. डब्यातील मुलाने सरळ वर उडवलेला चेंडू पुन्हा त्याच्याच हातात पडतो. खाडीत नांगरलेल्या होडीतून पाहणाऱ्याला चेंडूचा मार्ग कसा दिसेल? दोन्ही मार्ग वहीत काढून पाहा.