बाटलीवर वाढणारे वासरू
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान, गणित व कार्यानुभव यांचा समन्वित पाठ)

खेड्यातील शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी गाय अथवा म्हैस असते. गोठ्यातील कामांचा काही भार मुलांवर असतोच. वासरू सोडणे, बांधणे, त्याला पाणी दाखविणे ही कामे तर मुलेच करतात. ज्या विषयाचा अनुभव मुलांपाशी आधीच आहे, तो विषय शास्त्रीय दृष्टीने मांडणे हे शिक्षकाचे कार्य होय. गाय विताच दगावली, तिला कासदाह झाला किंवा तिने वासराला जवळ येऊ दिले नाही, तर वासरू हाताने वाढवावे लागते. संकरित गाईंच्या अनेक गोठ्यांत तर वासरू जन्मतःच आईपासून वेगळे करून बाटलीने दूध पाजण्याची पद्धत आहे. अशी वासरे पहिल्या महिन्यातच मोठ्या प्रमाणावर दगावतात आणि त्यांतील पुष्कळशी योग्य काळजीने वाचू शकतात. म्हणूनच प्रस्तुत पाठाची योजना आहे.

पाठाचा हेतू

चिकाचे महत्त्व, दूध पाजण्याची योग्य रीत आणि स्वच्छता ही तीन तत्त्वे मुलांना कारणांसह समजावीत व त्यांनी ती घरी आचरणात आणावीत.

प्रस्तावना

शिक्षकांनी प्रथम पुढील प्रश्न विचारावेत : गाय व्याल्यावर पहिल्या दिवसाचे दूध कसे दिसते? त्याचे घरी काय करतात? बहुतेक मुले एकमुखाने 'खरवस' असे उत्तर देतील. या उत्तराचा उपहास करू नये. खरवस हा आपल्या घरोघरीच्या आनंदाचा पदार्थ आहे. 'मग त्या दिवशी वासराने काय प्यायले?' एवढा एकच प्रश्न पुढे ठेवावा आणि तेथून विषयात प्रवेश करावा.

विषयविवेचन

१. चीक. मानवी गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये जन्माआधीच मिळतात. गाईच्या वारेची रचना निराळी असल्याने वासराला ती मिळत नाहीत. ते जवळजवळ निःशस्त्र जन्मास येते. ही द्रव्ये चिकात असतात. वासराचे आतडे ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, परंतु ही क्षमता तासागणिक घटत जाऊन सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक जन्मानंतर एक ते दोन तासांच्या आत पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला सुमारे ३ लिटर चीक विभागून द्यावा. १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिट्‌ल या शास्त्रज्ञांनी काही वासरांना चिकापासून वंचित ठेवून प्रयोग केला. त्यांतील बहुसंख्य वासरे अल्पावधीतच मरण पावली.

गाय तीन-चार दिवस चीक देते व तो वासराच्या गरजेहून बराच अधिक असतो. तेव्हा 'आधी वासरू, मग खरवस' हा नियम पाळला की दोघांचेही भागते. आई दगावली असल्यास त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक मिळवावा.

२. दूध पाजण्याची रीत. वासराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील कोठीपोट जन्मतः लहान व अविकसित असते. दूध पचते ते चौथ्या, खऱ्या पोटात. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या शेवटी स्नायूंची एक पन्हळ मिटून नळी बनते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. बळाने घशात ओतलेले दूध कोठीपोटात सांडून तेथे आंबते. बांबूच्या नळकांड्याने दूध पाजणे तर विशेष घातक. ते श्वासनलिकेत जाऊन वासरास फुप्फुसदाह होतो. बाटलीला रबरी बोंडले लावावे. वासरू उभे असावे, त्याची मान किंचित उंच व पुढे असावी आणि दूध त्याच्या चोखण्याच्या वेगानेच जावे. दूध वासराच्या अंगाइतके कोमट, म्हणजे ३७ ते ३९ अंश सेल्सिअस असावे. वेळ रोज तीच ठेवावी.

३. स्वच्छता व आहार. जन्मतःच नाळेवर टिंक्चर आयोडीन लावावे. प्रत्येक वेळी बाटली व बोंडले गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. जागा कोरडी असावी. दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचे खास खाद्य चिमूटभर तोंडाला लावावे, कोवळे गवत व स्वच्छ पाणी समोर ठेवावे. दाण्यामुळेच कोठीपोटाची वाढ होते. नुसत्या दुधावर ठेवलेले वासरू रवंथ उशिरा करू लागते. म्हशीच्या पारड्यांना आईच्या दुधातूनच जंतांची बाधा होते. यासाठी दुसऱ्या आठवड्यात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे.

४. हगवण. हगवण लागलेले वासरू बहुधा शरीरातील पाणी व क्षार घटल्याने मरते. डोळे खोल जाणे, मानेची चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे ही त्याची लक्षणे होत. दूध तोडू नये. दोन पाजण्यांच्या मधल्या वेळी क्षारांचे पाणी द्यावे व त्वरित पशुवैद्यकास बोलवावे. आजारी वासराला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुणे अनिवार्य आहे. यातील काही जंतू माणसालाही बाधतात.

गणिताशी समन्वय

काटा नसल्यास दोरी व पट्टीच्या साहाय्याने वजनाचा अंदाज घेता येतो. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास शरीराच्या लांबीने गुणावे व ३०० ने भागावे. उत्तर पौंडांत येते. घेर २८ इंच व लांबी २४ इंच असल्यास ७८४ × २४ = १८,८१६; भागाकार सुमारे ६२·७ पौंड, म्हणजे साधारण २८·५ किलो. यास रोज दहाव्या हिश्श्याने २·८५ लिटर दूध लागेल. तीन वेळा पाजावयाचे असल्यास प्रत्येक वेळी किती, हे मुलांनी काढावे.

एक अवघड प्रश्न

'गोऱ्ह्याला एवढे दूध कशाला?' असा प्रश्न एखादा मुलगा खात्रीने विचारील. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज घटली आहे, आणि घरी होणारा हिशेब मुलाच्या कानी पडलेला असतो. हा प्रश्न टाळू नये व घरच्या माणसांना दोषही देऊ नये. दूध विकून संसार चालतो, हे सत्य वर्गात मान्य करावे. मात्र चिकाला बाजारात दुधासारखे गिऱ्हाईक नसते. तेव्हा निदान तो तरी कालवड व गोऱ्हा असा भेद न करता दिल्यास घरास तोटा नाही. उपाशी ठेवून मारणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे, याविषयी मुलांनीच आपसात विचार करावा. शिक्षकांनी निष्कर्ष लादू नये.

उपयोजन व स्वाध्याय

(१) घरच्या किंवा शेजारच्या वासराचा घेर दर रविवारी मोजून चार आठवड्यांची वाढ आलेखात दाखवा.
(२) पहिला चीक किती वेळाने पाजला, याची विचारपूस पाच घरी करून तक्ता तयार करा.
(३) २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना सांसर्गिक गर्भपाताची लस देण्याची तरतूद आहे. आपल्या गावी लस केव्हा दिली जाते, याची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळवा.

पाठाची परीक्षा फळ्यावर नव्हे, गोठ्यात होते. गावात पुढची गाय विईल तेव्हा घरातील मूल खरवसाच्या आधी वासराची आठवण करून देईल, तर पाठ सफल झाला असे शिक्षकांनी समजावे.