एका गुणाची किंमत

परीक्षेंत एका गुणानें क्रमांक हुकला म्हणजे विद्यार्थी शेवटच्या प्रश्नाला दोष देतो. परंतु तो गुण कोठें गेला हें शोधावयाचें तर सारी उत्तरपत्रिका चाळावी लागते. हाच विचार मोटारींच्या शर्यतींतील एका उदाहरणावरून आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

फॉर्म्युला वन शर्यतींचें जागतिक अजिंक्यपद एका दिवसांत ठरत नाहीं. इ. स. २००८ सालीं त्यासाठीं निरनिराळ्या देशांत १८ शर्यती झाल्या. प्रत्येक शर्यतींत पहिल्यास १०, दुसऱ्यास ८, तिसऱ्यास ६ आणि पुढें आठव्यापर्यंत ५, ४, ३, २, १ असे गुण मिळत. अखेरची चुरस मॅक्लारेन संघाचा इंग्रज चालक लुईस हॅमिल्टन आणि फेरारी संघाचा ब्राझीलवासी चालक फेलिपे मासा या दोघांत झाली. हॅमिल्टनला ९८ व मासाला ९७ गुण मिळाले. मासानें सहा शर्यती जिंकल्या होत्या, हॅमिल्टननें पांच. तरी अजिंक्यपद हॅमिल्टनचें झालें.

आतां उत्तरपत्रिका चाळूं. कॅनडांतील शर्यतींत गाड्या थांबण्याच्या मार्गिकेच्या तोंडाशीं तांबडा दिवा लागला होता. त्याकडे हॅमिल्टनचें लक्ष वेळेवर गेलें नाहीं. पुढें उभ्या असलेल्या गाडीवर तो आदळला आणि हातचे गुण गमावून बसला. हंगेरींत मासा सर्वांच्या पुढें होता. केवळ तीन फेऱ्या उरल्या असतां त्याचें इंजिन बिघडलें आणि १० गुण गेले.

सप्टेंबरांत बेल्जममध्यें नियमांचा वाद उपस्थित झाला. स्पर्धकाशीं झुंजतांना हॅमिल्टननें एक वळण रस्त्याबाहेरून ओलांडलें व तो पुढें गेला. मिळालेली जागा त्यानें लागलीच परत दिली, पण पुढच्याच वळणावर पुन्हा हिसकावून घेतली. परत देणें पुरेसें झालें कीं नाहीं? पंचांनीं शर्यतीनंतर त्याच्या वेळेंत २५ सेकंद वाढविले. पहिला आलेला हॅमिल्टन तिसरा ठरला व दुसरा आलेला मासा पहिला. मॅक्लारेननें अपील केलें. परंतु अशा शिक्षेवर अपील चालत नाहीं, असा निर्णय मिळाला. विद्यार्थ्यांनीं येथें गणित करून पाहावें: एकाचे ४ गुण घटले, दुसऱ्याचे २ वाढले, म्हणजे अंतर ६ गुणांनीं बदललें.

त्याच महिन्यांत सिंगापूरला प्रथमच रात्रींची शर्यत झाली. मासा आघाडीवर होता. एका गाडीच्या अपघातामुळें शर्यत मंदावली आणि बहुतेक गाड्या एकदमच पेट्रोल घेण्यास थांबल्या. चालकाला निघण्याची खूण देण्यासाठीं इतर संघांचा माणूस दांड्याची पाटी धरी. फेरारीनें त्याऐवजीं दिवे बसविले होते. पेट्रोलची नळी गाडींतच असतां हिरवा दिवा लागला. मासा निघाला आणि नळी उपटून गाडीबरोबर फरफटत गेली. ती काढीपर्यंत सारे पुढें निघून गेले. त्याला तेराव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें, गुण शून्य. हॅमिल्टनला ६ मिळाले. उरलेल्या शर्यतींसाठीं फेरारीनें पुन्हा पाटीच हातीं घेतली.

२ नोव्हेंबर रोजी शेवटची शर्यत मासाच्याच जन्मगांवीं, साओ पावलो येथें झाली. ती त्यानें जिंकली. परंतु पावसांत शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणाशीं हॅमिल्टननें टिमो ग्लॉकला मागें टाकलें, पांचवा क्रमांक मिळविला आणि अजिंक्यपद एका गुणानें नेलें. आपल्या लोकांसमोर मासा साश्रु नयनांनीं विजयमंचावर उभा राहिला.

गोष्ट येथें संपली नाहीं. सिंगापूरचा तो अपघात रेनॉ संघानें आपल्या दुसऱ्या चालकाच्या फायद्यासाठीं मुद्दाम घडविला होता, हें २००९ सालीं उघडकीस आलें. दोषींना शिक्षा झाल्या, पण शर्यतीचा निकाल बदलला नाहीं. मासानें २०२४ सालीं लंडनच्या न्यायालयांत दावा लावला.

मग अन्याय कोणावर झाला? मासाचा पक्षपाती सिंगापूरकडे बोट दाखवील. हॅमिल्टनचा पक्षपाती बेल्जमकडे दाखवील व म्हणेल, तो निर्णय नसता तर १०२ आणि ९५ असा हिशेब झाला असता. दोघांचेंही म्हणणें निराधार नाहीं. परंतु दोहोंत एक भेद आहे, तो मुलांनीं नीट ध्यानीं धरावा. दिवा चुकणें ही चूक. वळणाचा वाद हा मतभेद. पण मुद्दाम घडविलेला अपघात हें कपट. चूक सुधारतां येते, मतभेदाचा निवाडा पंच करतात. कपट मात्र जिंकणाऱ्याच्या यशालाही शंकेचा डाग लावून जातें, मग त्याचा त्यांत हात नसला तरी.

दुसरें असें कीं, ज्याच्या हातीं तो दिवा होता त्याचें नांव गुणतक्त्यांत कोठेंही नाहीं. तरीही अजिंक्यपदाचा भार क्षणभर त्याच्या बोटावर होता. शाळेच्या संघांत राखीव खेळाडू असो, घरांत लहानसें काम सोंपविलेलें मूल असो, आपलें काम क्षुल्लक आहे असें त्यानें समजूं नये. तो एक गुण शेवटच्या वळणावर दिसला खरा. परंतु तो सांडला होता वर्षभर, थोडा थोडा, अनेकांच्या हातून.