मामांचा टिपर

सन १९७४ ची दिवाळी आटोपली आणि मी पाटण तालुक्यात मामांकडे गेलो, तो टिपर चालवावयास शिकण्यासाठी. कोयना धरण बांधले जात असताना मामांनी तेथे कित्येक वर्षे दगड वाहिला होता. पुढे गाठीच्या पैशांत थोडे कर्ज घालून त्यांनी स्वतःचा एक जुना टिपर घेतला. ज्या मालमोटारीचा हौदा मागे कलून आपला माल आपणच ओतून देतो, ती टिपर. कोणी तिला डंपरही म्हणतात. डोंगरावरच्या खाणीत दगड भरावयाचा आणि खाली नदीकाठी खडी फोडण्याच्या यंत्रापाशी नेऊन ओतावयाचा, हे तिचे रोजचे काम.

त्या वर्षी मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दूरचे सारे त्यांना धुक्यातल्यासारखे दिसू लागले. टिपर महिनाभर अंगणात उभा राहिला आणि कर्जाचे तीन हप्ते थकले. पगारी ड्रायव्हर ठेवावा, तर मिळकत त्याच्या हाती घालून स्वतः उपाशी राहावे अशी स्थिती. मी तेव्हा २१ वर्षांचा होतो. जीप मला चांगली येत असे. अवजड वाहनाचा शिकाऊ परवानाही मी काढला होता. जीप येते त्याला टिपर यावयास असा कितीसा वेळ लागणार, असे मला वाटे.

पहिल्याच दिवशी हा भ्रम फिटला. गिअरच्या दांड्यावरचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. जीपमध्ये जेथे पहिला गिअर असे, तेथे टिपरात गाडी मागे नेणारा गिअर होता! मामांनी इंजिन चालूच करू दिले नाही. “डोळे मीट आणि मी सांगेन तो गिअर टाक,” ते म्हणाले. तासभर मी आंधळ्याप्रमाणे दांडा हलवीत होतो आणि मामा, ज्यांना दिसत नव्हते ते, नुसत्या आवाजावरून माझ्या चुका सांगत होते.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या सपाट मैदानात गाडी सुरू झाली. पहिला गिअर पडला. दुसरा टाकू लागलो, तोच पत्र्यावर कानस घासावी तसा कर्कश आवाज उठला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज. दगड फोडणारे गडी हातची सुतकी थांबवून हसू लागले. मी रागाने दांड्यावर सारा जोर लावला. मामांनी माझे मनगट धरले. “दांड्याशी कुस्ती खेळू नकोस. आत दाते आहेत, ते तुटतील. चालत्या बैलगाडीत माणूस कसा चढतो, पाहिले आहेस ना?”

पाहिले होते. तो आधी गाडीबरोबर चार पावले धावतो. त्याचा आणि गाडीचा वेग एक झाला, की हलकेच वर बसतो. उभ्याने उडी टाकील तो तोंडावर आपटेल.

गिअरच्या पेटीतही असेच घडते. पेटीतील काही दातेरी चाके इंजिनाच्या बाजूने फिरतात, काही गाडीच्या चाकांच्या बाजूने. गिअर टाकणे म्हणजे फिरणाऱ्या दोन भागांचे दाते एकमेकांत गुंतविणे. दोहोंचा वेग जुळला असेल तर ते मुकाट्याने गुंततात. नसेल तर एकमेकांवर आपटतात. समजा, तिसऱ्या गिअरात इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत आहे. गाडीचा वेग तोच ठेवून चौथा टाकावयाचा असेल, तर कदाचित १५०० च फेरे पुरतील. म्हणजे मधल्या क्षणात इंजिनाकडच्या भागाची गती ९०० फेऱ्यांनी उतरली पाहिजे. नव्या धाटणीच्या पेटीत ही जुळणी सिंक्रोमेश नावाची योजना करते: एक लहानशी कडी घासून दोन्ही भागांना एका गतीवर आणते. अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत ही योजना प्रथम आली. माझ्या जीपच्या वरच्या गिअरांना ती होती, म्हणून तर मी स्वतःस कुशल समजत होतो! मामांच्या टिपराला ती मुळीच नव्हती. तेथे कडीचे काम ड्रायव्हरच्या कानांनी आणि पायांनी करावयाचे.

याच कामाला ड्रायव्हर लोक ‘डबल क्लच’ म्हणतात. क्लच दाबून दांडा मध्यावर, म्हणजे न्यूट्रलमध्ये, आणावयाचा आणि तेथे क्लच सोडावयाचा. वरचा गिअर हवा असेल, तर क्षणभर थांबावयाचे. इंजिन मंदावते आणि पेटीतील चाकांनाही मंदावते. मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावयाचा. खालचा गिअर हवा असेल, तर उलट: न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतानाच रेस देऊन इंजिन वर चढवावयाचे. किती थांबावयाचे आणि किती रेस द्यावयाची, हे दाखविणारा काटा त्या गाडीत नव्हता. आठ दिवसांनी इंजिनाचा सूर मला थोडा थोडा उमगू लागला. गडी हसेनासे झाले.

मग भरल्या गाडीची पाळी आली. हौद्यात सात टन दगड होता. खाणीपासून नदीपर्यंत अर्ध्या मैलाचा उतार. उताराच्या माथ्यावर मामांनी गाडी थांबवावयास लावली. “ज्या गिअरात ही भरली गाडी वर चढली असती, त्याच गिअरात खाली उतरावे. दुसरा टाक आणि खाली पोचेपर्यंत दांड्याला हात लावू नकोस.” खालच्या गिअरात इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. डिझेल वाचविण्यासाठी कुंभार्ली घाटात न्यूट्रलवर गाड्या सोडणारे ड्रायव्हर मामांनी पाहिले होते. त्यांच्याविषयी ते फारसे बोलत नसत.

मी दुसरा टाकला. रस्ता मोकळा होता. गाडी गोगलगाईसारखी चालली होती. मामांना न विचारता मी तिसरा घेतला. वळणाजवळ वेग वाढलेला दिसताच घाबरलो आणि पुन्हा दुसऱ्याकडे वळलो. दांडा तिसऱ्यातून निघाला. दुसरा मात्र पडेना. नुसता तो कर्कश आवाज! सात टनांचा भार आता कशालाच बांधलेला नव्हता. ब्रेक दाबला, तशी गाडी थोडी आवरली. जळका वास येऊ लागला. ब्रेक असाच तापत गेला, तर तो धरीनासा होतो, हे मला ठाऊक होते.

मामा ओरडले नाहीत. “ब्रेक जोराने दाब, वेग मोडू दे,” ते म्हणाले. “आता दुसऱ्याचा नाद सोड. तिसराच घे. क्लच सोड. रेस दे. भिऊ नकोस, आणखी दे!”

उतारावर गाडी धावत असताना रेस द्यावयास पाय धजेना. तरी दिली. इंजिन गरजले, क्लच दाबला, आणि तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. गाडीला मागून कोणी धरल्यासारखे झाले. वळण पार पडले.

खाली पोचल्यावर चाकांजवळ हात नेववत नव्हता. मी पाण्याची बादली आणू लागलो, तेव्हा मामांनी अडविले. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडले, तर ते तडकते. गाडी आपोआप निवेपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो. नंतर त्यांनी मला हौदा उचलावयास शिकविले: आधी जमीन सपाट आहे का पाहावे, डोक्यावर विजेची तार नाही ना ते पाहावे, मागचे फळके उघडावे, मग पंपाचा दांडा ओढावा, आणि हौदा पुरता खाली बसल्यावाचून गाडी जागची हलवू नये. घडल्या प्रकाराविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत.

दुसरी खेप भरून आम्ही माथ्यावर आलो. मी गाडी थांबविली. मामा काही सांगतील म्हणून वाट पाहिली. ते खिडकीतून डोंगराकडे पाहत होते. मी दुसरा टाकला आणि दांड्यावरचा हात काढून घेतला. नदीकाठी पोचेपर्यंत एवढा वेळ लागला, की वाटेत मामांना झोप लागली.