दाखल्यावर एक जून, आधारवर एक जानेवारी

एसटीच्या वाहकाला तुमचं वय तोंडाकडे बघूनच कळतं, पण तिकीट तो कार्डावरच्या तारखेवर देतो. हे माहीत नसल्यामुळे कोल्हारला नगरच्या गाडीत चढलेली म्हातारी माणसं राहुरी येईपर्यंत वाहकाशी हुज्जत घालताना मी पाहिली आहेत. त्यांतले एक आमचे थोरले बंधू, दादा.

नियम तसा सोपा आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयात अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं, त्यामुळे आमच्या घरातल्या सत्तरीच्या बायकांना ज्येष्ठ म्हणून वेगळं काही मिळत नाही. पंचाहत्तरी गाठली की मगच फरक पडतो.

२०२४ च्या दिवाळीनंतर दादांना डोळे तपासायला नगरला न्यायचं होतं. दादा शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जून १९४८ चे, म्हणजे शहात्तरीत. वाहकाने आधार पाहिलं आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही बहात्तरचे. हाफ घ्यावं लागेल.” आधारवर तारीख होती १ जानेवारी १९५२. गावात आधारचं शिबिर झालं तेव्हा दाखला कोणी मागितला नव्हता. समोरच्या पोराने अंदाजाने साल टाकलं आणि दादांनी अंगठा टेकवला. दादा तापले. “तुझ्या बापापेक्षा मोठा आहे मी,” वगैरे सगळं झालं. वाहक बिचारा शांत राहिला. त्याचंही बरोबरच होतं. वाटेत तपासणी पथक चढलं, तर कार्डावर बहात्तर आणि हातात शून्याचं तिकीट, याचा जाब त्यालाच द्यावा लागला असता. आम्ही अर्धे पैसे भरले.

आमच्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं पैशाला पासरी. आईबापांना तारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी एक जून लिहून मोकळे. गंमत म्हणजे एसटीचाही जन्म त्याच तारखेचा: राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली, तीही आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर. दाखल्याच्या हिशेबाने दादा आणि एसटी एकाच दिवसाची भावंडं. पुढे आधारवाल्यांनी गुरुजींचा एक जून पुसून एक जानेवारी केला, आणि साल तर कुठल्या कुठे गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात म्हटलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. तिथे शाळेचा दाखला धरला गेला. पण हा निकाल गाडीत वाहकाला ऐकवून उपयोग नाही, तुमच्या मागे चाळीस माणसं तिकिटाला थांबलेली असतात. त्यापेक्षा घरातली सगळी कार्डं एकदा टेबलावर मांडा. एसटीला आधारच लागतं असं नाही. मतदार कार्ड, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांतलं कोणतंही चालतं. दादांच्या पेटीत जुनं मतदार कार्ड निघालं, मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळातलं. त्यावर ‘१-१-१९९५ रोजी वय ४६’ असं छापलेलं होतं. पुढच्या खेपेला वाहकाने मनातल्या मनात बेरीज केली आणि शून्याचं तिकीट दिलं.

आधारच दुरुस्त करायचं असेल, तर घाई करू नका. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. कोणता पुरावा चालेल हे केंद्रावर आधी विचारा, आपल्या मराठी शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढून ठेवा, आणि पॅन व बँकेत कोणती तारीख आहे तेही बघा. एका ठिकाणी बदल केला आणि दुसरीकडे जुनीच तारीख राहिली, तर निवृत्तिवेतनापासून बँकेपर्यंत नवी कटकट मागे लागते. दादांनी म्हणूनच आधारला हात लावला नाही. मतदार कार्डावर त्यांचं भागतं.

आणखी एक. ‘मोफत आहे ना, मग तिकीट कशाला’ म्हणून पुष्कळ जण कार्ड दाखवतात आणि खिडकीला डोकं टेकून झोपी जातात. तसं करू नका. शून्याचं तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपा. सवलतीचे पैसे सरकार एसटीला देतं, ते या तिकिटांच्याच हिशेबावर. आणि तपासणीसाला तुमचा पांढरा सदरा पुरत नाही.

ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. सुरतेला लेकीकडे जाणारे इथे बरेच आहेत. एसटीतून गेलात तरी सीमेपलीकडच्या अंतराचं भाडं पडतं, आणि गुजरातच्या गाडीत आपल्या अमृत योजनेला कोणी विचारत नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा. शहरांतल्या सिटी बसला ही योजना लागू नाही, पुण्यात उतरल्यावर तिथले नियम वेगळे. खासगी ट्रॅव्हल्सबद्दल तर बोलायलाच नको.

रेल्वेचं अजूनही लोक विचारतात. बेलापूर स्टेशनवर तिकीट काढताना ‘सीनियर सिटिझन’ म्हणून काही कमी होत नाही. पूर्वी साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या बायकांना ५० टक्के सूट होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालचा बर्थ मिळण्यात प्राधान्य तेवढं राहिलं आहे. आरक्षणाच्या अर्जात वय मात्र लिहाच, त्याशिवाय तेही मिळत नाही.

कोल्हारला आपलं आगार नाही. इथल्या गाड्या बहुतेक शिर्डी-नाशिककडून भरूनच येतात, त्यामुळे लांबच्या प्रवासाला आधी आरक्षण करा. मोफत प्रवाशालाही ते मिळतं, आरक्षणाचा आकार तेवढा द्यावा लागतो. मूळ कार्ड खिशात असू द्या. डिजिलॉकरमधलं चालतं, पण ते मोबाइलमध्ये उघडून दाखवणारा नातू गाडीत बरोबर नसतो.

पोरांनो, आईवडलांना गाडीत बसवून देण्याआधी त्यांच्या कार्डावरची तारीख एकदा वाचा.